एकशे बारा पानं

गोकुळपेठ मार्केटच्या मागे
हेडाऊंची लायब्ररी.
अर्ध्या दुकानात शिलाई मशीन, अर्ध्या दुकानात प्रेम.
तीन रुपये रोज. पुस्तक भिजलं तर दहा.
मे महिन्यात कोणाचं भिजणार आहे,
पण पाटी आहे.

मी रात्रपाळीची सिस्टर, धंतोलीत, दुसरा मजला.
दीडचं सलाईन लावून झालं
की साडेचारच्या टेंपरेचरपर्यंत
माझ्याकडे बरोबर एकशे बारा पानं असतात.
जाड पुस्तकं मला देऊ नका.
जाड पुस्तकात कोणीतरी आजारी पडतं.

इथे फार तर हिरॉईनला शिंक येते
आणि तीन रुमाल पुढे होतात.

तिघं. नेहमी तिघंच.
पुस्तकात गाव कुठलंही असो,
मी त्यांना इकडे घेऊन येते:
एक फुटाळ्यावर बुलेट पुसत उभा,
एक चष्म्याचा, काटोलकडच्या बागेतून आलेला,
बोटांना अजून संत्र्याच्या सालीचा वास,
आणि एक लहानपणचा,
ज्याला ती पंचवीस पानं ओळखतच नाही.
ही बाई पान साठपर्यंत कोणालाही हो म्हणत नाही.
नाही पण म्हणत नाही.
आपण कसं, भरताचं वांगं उचलतो,
ठेवतो, दुसरं दाबून बघतो,
पुन्हा पहिलंच उचलतो,
आणि भाजीवाला एका शब्दानं बोलत नाही,
तेवढं सुख.

मला एकच स्थळ आलं होतं. उमरेडहून.
एका पंख्याखाली अकरा माणसं,
त्यात लाईट गेली
आणि अंधारात माझा होकार कोणीतरी देऊन टाकला.
तक्रार नाही. माणूस बरा आहे.
न सांगता कुलरमध्ये पाणी भरतो,
माझ्या रात्रपाळीवर कधी कुरकुरला नाही.
पण बाप्पा,
तीन रुमाल!

समासात पेन्सिलीनं मतदान चाललेलं असतं.
माझ्याआधीच्या बायका बोलून गेलेल्या:
'बुलेटवाला भैताड आहे.'
'याची आई बघा, पान ३४.'
'चष्मेवाला घे वं, म्हातारपणी कामी येईल.'
एका ठिकाणी तेलाचा डाग आणि त्याला बाण काढून
'सॉरी, कढई चालू होती.'
यातली एकही मला ठाऊक नाही.
रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही.
तरी अडीच वाजता दुसऱ्या मजल्यावर
अशी काही गर्दी होते
की मी खुर्ची थोडी सरकवून बसते.

परवाच्या पुस्तकात, पान एक्क्याण्णव,
तळाशी लिहिलेलं होतं:
'उत्तर : तिघेही.'
खाली दोन रेघा. पट्टीनं मारलेल्या.

साऱ्या नागपुरात समासात पट्टी वापरणारी
एकच बाई मला माहीत आहे.
लांजेवार बाई. नववी ब. गणित.
बीजगणिताच्या आत असंच एक पुस्तक सापडलं
म्हणून मला दोन तास बाकावर उभं केलं होतं
आणि पुस्तक जप्त.
वर्ष संपलं, शाळा संपली,
ते काही परत मिळालं नाही.
इतकी वर्षं मला वाटत होतं
बाईंनी ते जाळलं.

काहीतरी लिहावंसं वाटलं शेजारी.
खिशात पेन होता, पण चार्टचा, लाल.
लाल शाईनं बाईंना तपासायची
हिंमत झाली नाही.

तेवढ्यात नऊ नंबरची बेल.
आजोबांना पाणी हवं असेल, किंवा
वाजले किती एवढंच विचारायचं असेल.
पानात कापसाचा बोळा ठेवते.
ती पुलावर उभी आहे, ओढणी उडतेय,
समोर तिघं, कोणाचंच पाऊल पुढे पडलेलं नाही.
उभे राहा जी थोडं.
येतेच मी.