पाय ठेवायला जागा

सातपूरला बागूलच्या टपरीत
तीन जोड्या, जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेल्या.
चकाकणारी मी उचलली.
"ओली झाली की घसरते," तो म्हणाला,
"रबराची घ्या. गबाळी आहे, पण धरते."

मग गाडी डबल स्टँडवर, मी वर.
"डोळे मिटा. ओझर मागं पडलं, रस्ता सरळ.
पाय जातील तिथं जाऊ द्या."

उजवा गेला.
डावा दोन बोटं अलीकडंच थांबला,
सळई घातल्यापासूनचा.

त्यानं लेग गार्डवर खडूनं खुणा केल्या
होत्या तशाच, वरखाली.
ट्यूबची पट्टी, क्लॅम्प,
अ‍ॅलन कीचा आणखी अर्धा पिळा.

"वाकडं दिसेल."
"कोणाला?"

पिंपळगावच्या टोलला पाय खाली टेकवला
तेव्हा कुठं गुडघा आठवला.