पाकबेंगच्या अलीकडे

मार्च सरत आला की मेकाँगचा पलीकडचा काठ जातो.
कुठे जातो विचारू नका,
मे उजाडला की परत येतो, तोंड धुतल्यासारखा.
माझी होडी लांबलचक. मी नाकाशी, सुकाणूवर;
शेपटीला, इंजिनापाशी, सोमचान. माझी बायको.
एरवी मागे वळलो की तिची लाल ओढणी दिसते,
या दिवसांत दिसत नाही. ती खोकते,
तेव्हा कळतं, होडी अजून सबंध आहे.

हुआई साईला एकतीस जण चढले.
त्यांना डोंगर दाखवायचं कबूल केलेलं कुणीतरी.
मी नव्हे. तिकिटावर डोंगराचं चित्र आहे तेवढंच.
तासाभरात सगळ्यांचे कॅमेरे पोतडीत गेले.
सूर्य होता, पण कुणी चाटून ठेवल्यासारखा,
त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं
आणि बघावंसं वाटत नव्हतं.
एका उंच मुलीने, इंगेबोर्ग तिचं नाव,
निळी नळी तोंडाला लावून दोनदा ओढली.
मग खिशात टाकली, मग परत काढली.

दुपारी एका वाळूच्या पट्ट्यावरून म्हातारी चढली,
ओनसी, वरच्या खमू वस्तीतली,
दोन कोंबड्या, मिरच्यांचं पोतं,
लेकीचं पहिलं बाळंतपण लुआंग प्रबांगला.
खांद्यावरची राख झटकत म्हणाली,
"यातला थोडा माझा."
थोडा म्हणजे किती?
"भाताच्या एका तुकड्याएवढा. दोन दिवस पेटला, विझला.
पलीकडचे मकेवाले महिनाभर पेटवतायत, त्यांना विचार."
पलीकडे कोण, ते मी विचारलं नाही.
तिचा तांदूळ मी वर्षानुवर्षं खातोय.

चारच्या सुमाराला समोरचं पाणीही गेलं.
सोमचानला हाक दिली, इंजिन बंद.
अशा वेळी नदी कानांनी चालवायची असते:
खडकावर पाणी फुटतं, ते ऐकू येतं.
वाळूवर नुसतं सरकतं, ते येत नाही, ते जास्त वाईट.
मी बोट ओठांवर ठेवलं. एकतीस माणसं गप्प झाली,
कोंबड्यासुद्धा.
मला खडक ऐकायचा होता,
ऐकू आला त्या मुलीचा श्वास.
बारीक शिट्टी, आत जाताना एक, बाहेर येताना एक,
भेगेतून वारा यावा तशी.
तिच्या श्वासापलीकडे मला नदीच सापडेना.

म्हातारी उठली. नाक वर केलं.
"हा बांबू," म्हणाली. थोडी थांबली.
"ओला बांबू. माझ्या दिराची पडीक जमीन. ऐक."
आणि खरंच, लांबवर पेरं फुटत होती,
टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप् टप्.
"म्हणजे काठ डावीकडे. खडक त्याच्यासमोरच.
उजवीकडे घे. अजून. आता बास."
मी बांबू मारून होडी वळवली.
काळा खडक आमच्या अंगाला घासून गेला,
हात लांबवला असता तर हाताला लागता.

म्हातारी जाऊन त्या मुलीशेजारी बसली.
तिचा तळवा मुलीच्या पाठीवर, वर-खाली, वर-खाली,
नखांत अजून काजळी होती.
मग केळीच्या पानातला चिकट भात सोडून
एक गोळा तिच्या हातावर ठेवला.
मुलीने आधी भाताकडे बघितलं, मग त्या नखांकडे,
मग खाल्ला.

पाकबेंगला अंधारात लागलो.
मुलीला दोघांनी पायऱ्यांवरून वर नेलं.
एकाने अर्धे पैसे परत मागितले, डोंगर दिसले नाहीत म्हणून.
दिले नाहीत. थोडे द्यायला हवे होते का, रात्री वाटलं.
म्हातारी होडीतच निजली, कोंबड्या पायाशी बांधून.
बाक पुसताना एक पान मिळालं,
पूर्ण जळलेलं, शिरा न् शिरा जागच्या जागी.
उचललं तर बोटांवर काहीच राहिलं नाही,
थोडा काळेपणा, तोही मी पायजम्याला पुसला.
इंजिन केव्हाच थंड झालं होतं.
मागून सोमचान खोकली.
मी विचारलं, आलीस का?
म्हणाली, इथेच तर आहे.