खोली किती

पास्कोलने फक्कीची पिशवी दाताने फोडली
आणि परसात चौकोन ओढला, बावीस बाय अकरा.
चौकोन तरी कसला, कोपऱ्यात चिकू आडवा आला
म्हणून तिथे रेघ जरा आत घेतली,
जशी आम्ही यतीनच्या आत्याला जेवणाच्या टेबलाशी घेतो,
थोडं सरकून, काही न बोलता.

सेप्टिक टँक नऊ फुटांवर.
पंप जुन्या मोटारीच्या खोपट्यात.
कपड्यांची दोरी कुठे जाणार, हे मी विचारलं.
बाकी कुणालाच कपडे वाळत घालायचे नव्हते.
उन्हाचं गणित ईशानीने मांडलं, तासातासाने, वहीत:
अकरापर्यंत चिकूची सावली,
चारनंतर समोरच्या बत्तीस मजली टॉवरची.
"म्हणजे मधले पाच तास आपले,"
ती म्हणाली, आणि त्या बत्तीस मजल्यांना हात करून दाखवला.

"खोली किती ठेवायची?" पास्कोलने विचारलं.
दादांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
"कुणाची, निनादची?
आहे तशीच ठेवा."

कुणी दुरुस्त केलं नाही.

मग पास्कोलने सगळ्यांना रेघेवर उभं केलं.
कागदावरचे फूट माणसाला कळत नाहीत, म्हणाला,
आणि बांबू घेऊन शिंप्यासारखा मोजत गेला:
दादांचा गुडघा, माझी कंबर,
यतीनची छाती, ईशानीची हनुवटी.
निनादची उंची कुणालाच नक्की आठवेना.
हॅलिफॅक्सला गेला तेव्हा फ्रिजला टेकला की
डोकं बरोबर वर निघायचं.
पास्कोल आत जाऊन फ्रिज मोजून आला.

ईशानीला आठ फूट हवं होतं, सूर मारायला.
यतीन साडेतीनवर अडून बसला,
दादांच्या जिवाचं नाव पुढे करून.
कांदरपाड्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या माणसाला
पोहता येत नाही,
हे पंचवीस वर्षं फक्त मला ठाऊक आहे.
मी म्हटलं, पाच करू या.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी लगेच दादांकडे वळले.
दादांचं वेगळंच: "मला एक पायरी रुंद द्या.
खुर्चीएवढी. पाय सोडून बसेन.
आणि ती बाथरूमसारखी टाईल नको."

शनिवारी चाचणीचा खड्डा घेतला.
दोन फूट तांबडी माती, मग शिंपल्यांचा चुरा,
निळ्या बाटलीचं एक बूड,
आणि साडेचारला पाणी.
यतीनने बोट बुडवून चाखलं. खारट.
संध्याकाळी ते वीतभर चढलं होतं,
रविवारी सकाळी परत खाली.
आम्ही वर भांडत होतो,
खाडी खालून रोज दोनदा मोजून जात होती.

"खोल नेता येईल," पास्कोल म्हणाला,
"पण एक लक्षात ठेवा.
भरलेला पूल जागेवर बसतो.
साफसफाईला म्हणून कधी रिकामा केलात
आणि बाहेर मोठी भरती असली,
तर खालचं पाणी त्याला उचलतं.
अख्खा. टाईल, पायऱ्यांसकट.
मनोरीला एकाचा रातोरात वर आला,
सकाळी परसात होडी लागल्यासारखा."

ईशानी खूप हसली. तिला ते बघायचं होतं.
तिचा व्हिसा जूनमध्ये.

"म्हणजे पाणी कधीच काढायचं नाही?"
हे मात्र दादांना नीट ऐकू आलं होतं.
"शक्यतो नाही, दादा. वजन लागतं."
दादांनी जरा विचार केला.
"मग मी बसत जाईन की,
त्या पायरीवर."

रात्री यतीनने कागदावरचा पाच खोडला,
साडेचार लिहिलं,
पेन माझ्याकडे सरकवलं.
मी खाली लिहिलं:
दादांची पायरी, दीड फूट रुंद, खरबरीत दगड.
एका बाजूने धरायला दांडा, दादांसाठी
(दांडा टोकापर्यंत न्यावा).
दोरी गच्चीवर.