साचा फोडायची वेळ

उद्यमबागेत अठरा वर्षं मी पेट्या भरल्या.
वाळू चाळायची, चोपायची,
रस ओतला की बाजूला व्हायचं.
लहान कास्टिंग तासाभरात उघडतात.
लेथचा बेड मात्र दोन-दोन दिवस वाळूतच.
घाई केली की तडा.
बाळेकुंद्री मिस्त्री म्हणायचे,
लाल दिसायचं थांबलं
म्हणून थंड झालं समजू नको, भरमा.

हे मला ठाऊक होतं.
तरी दाखल झालो त्या दिवशी
सिस्टरला विचारलं, एकवीस दिवसांत होतंय न्हवं?
तिनं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.
मुदत : नऊ महिने.
खाली माझी सही मराठीत,
शेवंताची कन्नडात, ती बैलहोंगलला शिकली.
दोन्ही सह्या वाकड्या.
तिनं तर कधी थेंब घेतला नव्हता.

खानापूरच्या अलीकडं, बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात
आम्ही एकतीस जण.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, साडेपाचला.
विळ्या मोजून मिळतात, मोजून परत.
खोकल्याचं औषध कपाटात,
कपाटाची किल्ली सिस्टरच्या गळ्यात, क्रुसाशेजारी.
रविवारी फोन, दहा मिनिटं.
त्यातली सात पोरगी काही बोलत नाही.
तिच्या पेनाचं बटण वाजतं, टक, टक,
मी तेच ऐकतो.

दुसऱ्या महिन्यात पळालो.
फाटक उघडंच असतं, वाईट काय तर हेच.
काजूच्या झाडांतून हायवे,
तिथून टेम्पोनं स्टँड.
मोज्यात दोनशे रुपये
आणि दुकानाचं शटर खाली.
मतदान होतं.
शटर वाजवलं, मागच्या दारी गेलो,
एका म्हातारीनं फटीतून सांगितलं, नाळे बा.
उद्या ये.
लहानपणी गल्लीत दारादारावर
खडूनं हेच लिहिलेलं असायचं,
रात्री येणाऱ्या भुताला परतवायला.

परत आलो.
शहाणपण बिहाणपण काही नाही, दुकान बंद होतं.
बैठकीत तसंच सांगितलं,
सगळे हसले, गोकाकचा ईरण्णा पोट धरून.

त्याला चौथ्या महिन्यात घरचे घेऊन गेले.
गाल भरले होते, हात स्थिर,
उसाचा हंगाम, ट्रॅक्टरवर माणूस नव्हता.
सतराव्या दिवशी निरोप आला.
त्याच्या चपला अजून न्हाणीबाहेर आहेत.
कुणी घालत नाही,
कुणी टाकत नाही.

आता त्या खाटेवर निपाणीचा पोरगा, तेवीसचा.
काल त्याची तिसरी रात्र.
अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून चादर झाडत होता,
अव्वा म्हणत होता, मग आई, मग परत अव्वा,
जी येईल ती.
सरबत दिलं, अर्धाच ग्लास.
भरून दिला तर सांडतो,
आणि एवढंसं सांडलं तरी
थोराड माणूस रडायला लागतो.

अण्णा, किती दिवस लागतील?

मिस्त्रींचं वाक्य ओठावर आलं होतं.
गिळलं.
पेटीला बाहेरून हात लावून बघतात
तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला.
गरम होती.
घंटेला चार तास होते.
हात तिथंच राहू दिला.