मुनाफच्या गाडीतले आकडे

मुनाफची गाडी उठताना लाथ मारते.
कॅरिअरवर बारा ट्रे, तीनशे साठ अंडी,
पारव्याच्या फाट्यावर पोचेतो
सात-आठ तरी गेलेली,
मागच्या मडगार्डवर बलक वाळून पिवळा.
"मोटर बरी हाय," मामा म्हणाला
चाकाला कान लावून.
मोटर बरी निघाली की मामाचं काम संपतं.
मग माझं.

कंट्रोलर म्हणजे धुण्याच्या साबणाएवढा डबा,
खाली तारांचा झुबका.
जाड तीन मोटरच्या,
बारीक पाच, चाक कुठवर आलं ते सांगणाऱ्या,
आणि मागे, रबरी टोपी घातलेला,
कोणीच कधी न उघडलेला
चार टाचण्यांचा प्लग.

लॅपटॉप आयटीआयच्या वेळचा, एक बटण निघालेलं.
केबल यवतमाळहून, एकशे ऐंशीची.
लाल तारेला टेप गुंडाळला,
गाडीची बॅटरी आहेच, वरून वीज नको.
काळी काळीला.
उरल्या दोन. एक बोलायची, एक ऐकायची.
मी बोलणारी बोलणारीला जोडली,
ऐकणारी ऐकणारीला,
कारण कागदावर तसंच नीट दिसतं.

स्क्रीन गप्प.
अर्धा तास ड्रायव्हर, पोर्ट, पुन्हा ड्रायव्हर.
मामा वार्निशचा ब्रश पुसत आला.
"हे काय करते? अन् हे?"
मी सांगितलं.
"मंग दोघं बी बोलूनच राह्यले ना व,
आयकते कोन?"

तारा फिरवल्या.
आकडे आले, भराभर, सव्वीस.
उचल ८५. करंट २२.
बॅटरी बेचाळीसच्या खाली गेली की बंद.

"लिहून घे."
मामा, फाईल सेव्ह होते.
त्याने रजिस्टर पुढे सरकवलंच,
ज्यात जुनी वाइंडिंग तोडायच्या आधी
तो वेढे मोजून ठेवतो:
बाबाराव ठमके, ५ एचपी, ३६ खाचा, ४२ वेढे.
त्याखाली मी तोंड वाकडं करून
सगळे उतरवले.
आणि फाईल सेव्ह करायची राहिली.
हे कोणाला सांगितलेलं नाही.

८५ चे ४० केले. बटण दाबलं.
तेवढ्यात मुनाफ "झालं का व पोरी" करत टेबलाशी,
त्याचं कोपर केबलला.
२५५. २५५. २५५.
वरपासून खालपर्यंत तेच.
थ्रॉटल पिळला, चाक हूं नाही की चूं नाही.
मुनाफ हसला,
त्याला वाटलं, हीच दुरुस्ती.
माझे हात गार.
मामाने काही विचारलं नाही.
रजिस्टरवर चहाचा ग्लास होता,
तो उचलला फक्त.

मग तो मोठ्याने वाचत गेला,
मी टाइप करत गेले.
माझं अक्षर त्याला लागेना.
"हा सात का एक?"
सात, म्हणाले. खात्री नव्हती.

चाळीसवर गाडी म्हशीसारखी निघाली,
टाकीचा चढ काही चढेना.
साठवर पुन्हा लाथ.
बावन्न.
मुनाफने शर्टाच्या खिशात एक अंडं घातलं,
टाकीपर्यंत गेला,
खिशावर हात न ठेवता परत आला.
अंडं मामाला दिलं. पैसे बुधवारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरून फोन:
दोनच फुटले.
"ते रस्त्याचे," मामा म्हणाला,
"त्याले प्लग नाही."

तो जेवायला गेल्यावर
मी रजिस्टर काढलं
आणि तो सात
पेनने पुन्हा गिरवला, गडद.