दुसरी असू शकते

सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला बसले
तेव्हा ग्रिमशॉ मास्तरांच्या निसानमध्ये
पेपरमिंटचा आणि ओल्या कुत्र्याचा वास असायचा.
हल शहर, होल्डरनेस रोड, नोव्हेंबरातली दुपार,
चार वाजताच दिवे लागलेले.

मागून सायरन आला आणि माझा पाय
आपसूक ब्रेकवर उभाच राहिला.
"तसं नको," मास्तर म्हणाले, आवाज न चढवता,
"आधी आरसा. कुठून येतेय ते बघ.
मग जागा शोध, सिग्नल दे, हळूच डावीकडे हो.
वळणावर थांबू नकोस, चढाच्या माथ्यावर तर नाहीच.
फुटपाथवर चढू नकोस, तिथं कुणाचं तरी पोर असतं.
आणि लाल दिवा तोडायचा नाही,
ती कितीही किंचाळली तरी.
तिला परवानगी आहे, तुला नाही."
अँब्युलन्स गेली. मी क्लच सोडणार
तोच त्यांनी स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवली.
"थांब. मागे दुसरी असू शकते."

दुसरी नव्हती.
मी मनात म्हटलं, म्हातारा वेळ काढतोय,
तासाचे पस्तीस पौंड.

सहा वर्षांनी, फेब्रुवारीत, संध्याकाळी साडेपाचला
दिनानाथ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले
आणि "जरा पाणी दे" म्हणाले,
पण पेला काही हातात धरवेना.

मला आत आडवं बसवलं, पट्टा बांधला.
केली-ॲन त्यांच्या छातीवर वायरी चिकटवत
त्यांना "लव्ह, लव्ह" म्हणत होती
(बत्तीस वर्षांत मी एकदाही म्हटलं नव्हतं)
आणि पुढच्या चौकोनी फटीतून
तोच रस्ता मला दिसत होता.
जो निळा मी नेहमी आरशात पाहिला
त्याच्या पोटात आता मी.

एक बस, झोपेत कूस बदलावी तशी, सरकली.
पांढऱ्या कोर्सातला पोरगा घाबरून
आमच्या पुढेच सुसाट सुटला,
वाट द्यायची सोडून वाट दाखवत राहिला, तीन चौक.
एका मायक्राची दोन चाकं फुटपाथवर,
आतली बाई स्टिअरिंग छातीशी कवटाळून.
"अगं बाई, सावकाश," मी मोठ्यानं म्हणाले,
मराठीत, बंद गाडीतून.
आणि कार्पेटच्या दुकानासमोर एक करडी व्हॅन
आधीच बाजूला, शांत, इंडिकेटर लुकलुकत,
आम्हाला जेवढी हवी तेवढी जागा सोडून.
कोण होता कोण जाणे.
त्याला मी आजही जेवायला बोलावीन.

मग नदी आली. पूल वर उचललेला.
खालून एक बार्ज, काडीचीही घाई नसलेली.
ड्रायव्हरनं सायरन बंद केला.
उचललेल्या पुलावर ओरडून काय उपयोग?
निळा उजेड तेवढा फिरत राहिला
पुढच्या गाड्यांच्या काचांवर.
चार मिनिटं.
"यांना ॲलर्जी कसली?" केली-ॲननं विचारलं.
मी म्हणाले, वांग्याची.
खरं तर त्यांना वांगं नुसतंच आवडत नाही.

अकराव्या दिवशी घरी आले,
इस्पितळातल्या लापशीला नावं ठेवत.
सायरन आठवतो का, मी विचारलं.
"आठवतो ना. वाटलं, दुसऱ्या कुणासाठी चाललीय.
म्हटलं, बिचारा."

काल पुन्हा होल्डरनेस रोडवर मागे निळं.
आरसा. जागा. सिग्नल. डावीकडे.
ती गेली, माझ्या खिडकीची काच थरथरवून.
मागच्या टॅक्सीनं हॉर्न दिला,
एकदा आखूड, मग लांबलचक.
त्याचंही बरोबर आहे, रस्ता मोकळा,
दिवा हिरवा, माझा पाय क्लचवर.

थांब रे बाबा.
मागे दुसरी असू शकते.