वाल्दिव्हियात, नाकाशिवाय

हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते,
म्हणून आलो.
तेमुकोहून अडीच तास बस, निबाल्दो खिडकीशी,
मांडीवर त्याची वही:
बावीस वर्षांच्या बिअरी, तारीखवार,
प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात त्याचं मत.
मार्चनंतरची पानं कोरी.

तापाने त्याचं नाक नेलं. ताप गेला, नाक आलं नाही.
येईल कदाचित, डॉक्टरीण म्हणाली,
जसं एखाद्या पाहुण्याबद्दल म्हणतात
ज्याचं ताट वाढून ठेवू नये.

हा माणूस एके काळी नाकाने कांदे सोलायचा.
माझ्या भावाच्या लग्नात ग्लास उजेडाला धरून म्हणाला,
"नळ्या धुतल्या नाहीत यांनी."
भावाने वर्षभर अबोला धरला.
मला मात्र सगळ्या बिअरी सारख्याच,
भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारख्या.
मी आपली सफरचंदाची चिचा घेऊन
कोपऱ्यात बायकांशी बोलत बसायचे.

नदीकाठच्या बारमध्ये येर्को नावाच्या पोराने
लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आणले,
फिकटापासून काळ्यापर्यंत,
आणि पाठ केलेलं सांगू लागला.
निबाल्दोने फळी माझ्याकडे सरकवली.
"तू पी. मला सांग."

पहिली.
– लिंबू?
"लिंबू काय, कुणीही म्हणेल."
– बरं. तुझ्या आईचा ओटा, पुसल्यापुसल्या.
हसला नाही. वहीत लिहिलं: ओटा.

दुसरीत मुर्ता, आमच्या परसात येतात ती
बोराहून लहान, लाल फळं.
– कोन्स्तान्साचा गुलाबी खोडरबर, शाळेतला.
"म्हणजे गोड?"
– नाही. चावलेला खोडरबर.
तेही लिहिलं.

तिसरी धुरकट.
घोट घेतला आणि थांबले.
ओसोर्नोची ती भाड्याची खोली,
शेगडीत ओली लाकडं, दोघं खोकतोय
आणि पांघरुणातून उठून खिडकी उघडायला
दोघांपैकी कुणी तयार नाही.
सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला,
"कळलं."
काय कळलं, ते मी विचारलं नाही.

चौथी मला आवडली.
बावीस वर्षांनी हे कबूल करायची लाज वाटली.
पाचवीबद्दल खोटं बोलले.
सहावी आम्ही येर्कोला दिली.

मग क्रूदो आला: पावाच्या तुकड्यावर
कच्च्या मांसाचा गार खिमा, लिंबू, वर बारीक कांदा.
निबाल्दो डोळे मिटून चावत होता.
"करकर छान आहे," म्हणाला.
डोळ्यांत पाणी होतं.
कांद्याचं असणार.
त्याला नाक लागत नाही.

रविवारी मासळी बाजार.
धक्क्यावर समुद्रसिंह पसरलेले,
शंभर वर्षांचं मासळीचं पाणी आंबलेलं;
सान्तियागोची पोरं मफलरमध्ये नाकं खुपसून
लांबूनच फोटो काढत होती.
माझा नवरा सगळ्यात पुढे,
म्हाताऱ्या नरापासून दोन हातांवर,
देवळात उभा राहावा तसा शांत.
मासेवाली सुरी हलवत ओरडली,
"ओ साहेब, मागे व्हा, तो शिंकतो!"

तो शिंकला.

कोटावर, दाढीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर.
बाजार हसला, मासेवाली तर खोक्यावर बसली.
निबाल्दोही हसला, मार्चनंतर पहिल्यांदा पोटातून,
आणि माझ्याकडे वळून विचारलं,
"सांग. कसा आहे?"

मी सांगितलं. सगळं, एकही शब्द न गाळता.
मासेवालीसुद्धा ऐकायला थांबली.

परतीच्या बसमध्ये पुढच्या बाईने
दोनदा मागे वळून नाक मुरडलं.
तो माझ्या खांद्यावर झोपला होता, कोटासकट.
खिडकी माझ्याच बाजूला होती.
उघडली नाही.